आधी रजिस्टर, मग आराखडा : नागरी धोरण सल्लागाराचे काम आणि कामाबाहेरच्या आवडी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

या मंचावरील पूररेषेच्या चर्चेत माझ्या व्यवसायाचा उल्लेख ओघाने आला आणि तेव्हापासून तीन-चार सदस्यांनी निरोप पाठवून एकच विचारणा केली आहे, की नागरी धोरण सल्लागार नेमके काय करतो, त्यासाठी काय शिकावे लागते आणि सांगलीत राहून हे काम चालते का. एका सदस्येने कामाबाहेर मी काय करते तेही विचारले आहे. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्याऐवजी येथेच सविस्तर लिहिते. लेखन लांबले आहे, परंतु हा व्यवसाय मला मनापासून प्रिय आहे आणि त्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून ते लांबू दिले आहे.

माझे बालपण सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात गेले. वडील एका नगरपालिकेच्या कर विभागात लिपिक होते. मार्च महिना आला की वसुलीमुळे ते रात्री उशिरा घरी येत आणि रविवारीही कार्यालयात जात. अशा रविवारी मी त्यांच्याबरोबर जाऊन तिथल्या बाकावर अभ्यास करीत बसे. त्यांच्या टेबलावर मागणी रजिस्टर, म्हणजे कोणाकडून किती कर येणे आहे याची नोंदवही, उघडे असे. दोन्ही हातांनी उचलावे लागेल एवढे जड, कापडी पाठीचे ते रजिस्टर होते आणि त्यात मिळकत क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, करयोग्य मूल्य, मागील थकबाकी, चालू मागणी असे रकाने आखलेले असत. वडील एखाद्या ओळीवर बोट ठेवत आणि ते घर कोणत्या बोळात आहे, मूळ मालक पुण्याला कधी गेला, आता तिथे कोण राहते आणि दोन वर्षांची पट्टी का थकली आहे, हे न अडखळता सांगत. गावाची माहिती कुठेतरी लिहिलेली असते आणि ती रोज कोणीतरी सांभाळत असते, हे मला त्या वयात कळले. पुढे जे शिकले त्यातले बरेच विसरले. हे विसरले नाही.

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी १९९७ मध्ये स्थापत्य शाखेची पदवी घेतली आणि एका कंत्राटदाराकडे साइटवर रुजू झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. त्या दिवसांत गल्लीत चर्चा होती ती नाव कोणाचे आधी येणार आणि मुख्यालय कुठे राहणार याची. घरी वडील मात्र वेगळ्याच काळजीत असत. करआकारणीची पद्धत वेगळी, नोंदीची शिस्त वेगळी, नळजोडांचे दर वेगळे अशी गावे जेव्हा एका छताखाली येतात तेव्हा त्यांची दप्तरे कशी जुळवायची, असा त्यांचा प्रश्न असे. मला त्याचे उत्तर देता येत नव्हते आणि माझ्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही ते नव्हते. तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नगर व ग्राम नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

२००१ मध्ये बाहेर पडले, त्याच वर्षी राज्याचा गुंठेवारी कायदा आला. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या जागांवर लोकांनी घरे बांधली होती. ती नियमित कशी करायची याची चौकट त्या कायद्याने दिली. सांगलीकरांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही, कारण येथील कितीतरी कुटुंबांचे पहिले स्वतःचे घर गुंठेवारीतच उभे राहिले. नंतर मी मुंबईतील एका सल्लागार संस्थेत सात-आठ वर्षे नोकरी केली. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. त्यात सुरुवातीला देशातील ६३ शहरे होती आणि महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व नांदेड एवढीच. आपल्यासारख्या शहरांसाठी लहान व मध्यम शहरांची वेगळी योजना होती. निधी हवा असेल तर शहराने अहवाल सादर करावा, अशी अट आली आणि आमच्या व्यवसायाला एकाएकी मागणी वाढली. द्विनोंद लेखापद्धती, मालमत्ता कराची सुधारणा, सेवाशुल्क हे शब्द नगरपरिषदांच्या कार्यालयांत पोहोचले ते याच काळात.

माझी सर्वांत मोठी चूक त्याच काळातली आहे. मराठवाड्यातील एका नगरपरिषदेसाठी मी पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिला. लोकसंख्येचा अंदाज, दरडोई पाण्याची गरज, जलवाहिन्यांची लांबी, खर्चाचे तक्ते हे सगळे नियमाप्रमाणे होते आणि त्यातील बराचसा भाग मी दुसऱ्या शहराच्या अहवालावरून बेतला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच कार्यालयात गेले, तेव्हा तो अहवाल कपाटात होता आणि त्यावरचे प्लास्टिकचे आवरणही कोणी काढलेले नव्हते. शेजारच्या टेबलावर एक शंभर पानी वही पडली होती. ती व्हॉल्व्हमनची होती. कोणत्या गल्लीला पहाटे किती वाजता पाणी सोडायचे, त्यासाठी कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कोणत्या वळणावर दाब कमी पडतो म्हणून पंधरा मिनिटे जास्त द्यायची, उरूस असेल तर कोणता क्रम बदलायचा, हे सगळे त्यात पेन्सिलीने लिहिले होते आणि जिथे बदल झाला तिथे खोडून तारीख घातली होती. त्या गावाचे पाणीवाटपाचे धोरण त्या वहीत होते. अहवाल लिहिण्यापूर्वी मी त्या माणसाला एकदाही भेटले नव्हते. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. कोणत्याही गावाचे काम घेतले की पहिले दोन आठवडे काहीही लिहायचे नाही. आवक-जावक नोंदवह्या, मागणी रजिस्टर, नळजोडांची यादी, बांधकाम परवान्यांची नोंद, मागील पाच वर्षांचे ठराव आणि अंदाजपत्रके वाचायची आणि ती ज्यांनी लिहिली त्यांच्याशेजारी बसायचे. २०१३ मध्ये मी नोकरी सोडून सांगलीला परतले आणि स्वतंत्रपणे काम सुरू केले. आज माझी बहुतेक कामे नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची असतात, म्हणजे मालमत्ता कराची फेररचना, पाणीपट्टीचे दर, लेखापद्धती, क्वचित विकास आराखड्यावरील, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशावरील, हरकतींचे विश्लेषण. मोठ्या शहरांची कामे मी जाणीवपूर्वक कमी घेते, कारण तिथे जाणाऱ्यांची वाण नाही.

आवडींविषयी थोडक्यात सांगते. लहानपणापासून गाणे शिकले आणि मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत महिन्यातून एकदा तरी जाते. शाळेत असताना नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना जायची, आता फक्त रविवारी पुतण्याशी एक डाव होतो. आणि पावसाळा सोडून रोज सकाळी घाटावर चालते.

प्रश्न अवश्य विचारावेत.

एमआयडीसी कॉर्नर

नमस्कार ताई. मी कुपवाडचा असून स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या वर्गातील बहुतेक मुले पुण्यात सॉफ्टवेअरकडे जाण्याची तयारी करीत आहेत. मला शहर नियोजनाची ओढ आहे, परंतु घरी याला पुढे काय, असे विचारतात. शासकीय नोकरी, पदव्युत्तर शिक्षण आणि सल्लागारी या तीन वाटांपैकी कोणती घ्यावी आणि कोणत्या क्रमाने घ्यावी, याविषयी मार्गदर्शन करावे. पैशाचेही खरे सांगावे, ही विनंती.

कृष्णाकाठ

दादा, तुमच्या घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते. आमच्या कामात देयके टप्प्याने मिळतात. प्रारंभिक अहवाल दिला की काही टक्के, प्रारूप दिले की काही, अंतिम अहवाल स्वीकारला की उरलेले. आणि स्वीकारला हा शब्द ज्या पत्रात असतो ते पत्र निघायला कितीही दिवस लागू शकतात. माझे पहिले स्वतंत्र देयक आठ महिन्यांनी मिळाले. हाताशी किमान एका वर्षाचा घरखर्च असल्याशिवाय स्वतंत्र सल्लागारी सुरू करू नये, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

आता शिक्षणाचे. पुण्यातील अभ्यासक्रमाचा उल्लेख वर केलाच आहे. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आणि दिल्लीचे नियोजन व वास्तुकला विद्यालय येथे नियोजनाचे शिक्षण मिळते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नागरी धोरण व प्रशासनाच्या अंगाने शिकता येते. मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून काम करीत आहे आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांसाठी असलेले तिचे अभ्यासक्रम फार लोकांना माहीत नाहीत, परंतु कार्यालय आतून कसे चालते हे समजण्यासाठी ते मला मोलाचे वाटतात. शासकीय वाट हवी असेल तर राज्याचा नगररचना विभाग आहे. तो १९१४ पासूनचा आहे आणि सहायक नगर रचनाकार, नगर रचनाकार या पदांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते.

माझा वैयक्तिक सल्ला असा, की पदव्युत्तर शिक्षणापूर्वी एक वर्ष एखाद्या नगरपरिषदेच्या कामावर, मग ते कंत्राटी असो वा सर्वेक्षणाचे, घालवावे. आणि दोन कायदे मुळातून वाचावेत. एक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ आणि दुसरा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५. मराठी प्रती मिळतात. रोज चार कलमे वाचली तरी परीक्षेच्या आधी दोन्ही संपतील.

मिरज जंक्शन

मी कर निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. कुठे होतो ते महत्त्वाचे नाही. ताईंनी मागणी रजिस्टराचे जे वर्णन केले आहे ते वाचून डोळे भरून आले. आमच्या हयातीत त्या रजिस्टराला कोणी मान दिला नाही.

मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. जकात होती तोपर्यंत नाक्यावरील पावती पुस्तक संध्याकाळी जमा होई आणि आज शहराला किती मिळाले हे रात्री कळत असे. जकातीविरुद्ध व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या, हे मी मान्य करतो. नंतर स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता बंद झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. म्हणजे जो पैसा शहर स्वतः गोळा करीत होते तो आता वरून येतो. अशा स्थितीत शहराला स्वतःचे धोरण ठरवता येते का? ज्याच्या हाती दोरी त्याच्याच मनाप्रमाणे चालावे लागणार, असे मला वाटते. सल्लागारांनी याविषयी काय सांगावे?

जाता जाता मिरजेची एक आठवण. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत एकूण पाच लाख लिटर पाणी होते. त्या कामात आमची जुनी हैदरखान विहीर उपयोगी पडली. तोपर्यंत शहरातल्या किती जणांना ती विहीर आठवत होती, कोण जाणे. रेल्वेच्या दप्तरात तिची नोंद होती, म्हणून ती वेळेला सापडली असे मी मानतो.

कृष्णाकाठ

काका, नमस्कार. आपण जे लिहिले आहे ते मी सभांमध्ये सांगण्याचा प्रयत्न करते, परंतु इतक्या थेटपणे मला सांगता येत नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय लिहिले. विषयांबरोबर पैसा मात्र तितक्या सहजपणे आला नाही. जकात गेल्यानंतर शहराच्या स्वतःच्या हाती उरलेला मोठा कर म्हणजे घरपट्टी. म्हणूनच गेली दहा वर्षे मी तिच्यावर सर्वाधिक वेळ घालवला आहे.

ज्यांना हे नीरस वाटत असेल त्यांच्यासाठी घरपट्टीच्या कामात प्रत्यक्ष काय होते ते सांगते. एका नगरपरिषदेत आम्ही तीन याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, घरपट्टीची, नळजोडांची आणि बांधकाम परवान्यांची. घर एकच असले तरी पहिल्या यादीत ते आजोबांच्या नावावर, दुसऱ्या यादीत मुलाच्या आणि तिसऱ्या यादीत विकासकाच्या नावावर निघते. कुठे नळ आहे पण मिळकतीची नोंद नाही, कुठे नोंद पत्र्याच्या शेडची आहे आणि जागेवर तीन मजले आहेत. संगणकाने हे जुळत नाही, कारण तिन्ही ठिकाणी आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते. शेवटी एक वसुली कारकून, एक नळ कारागीर आणि मी असे तिघे वॉर्डातून चाललो आणि दारोदारी जुळवणी केली. चार महिने लागले. दर एक पैशानेही न वाढवता मागणी वाढली, कारण ज्यांची आकारणीच झाली नव्हती ते यादीत आले आणि जे आधीपासून प्रामाणिकपणे भरत होते त्यांच्यावर जास्तीचा बोजा टाकावा लागला नाही. मला या कामाचा फार अभिमान आहे.

आपला दोरीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच. त्यात आणखी एक भर पडली. २०२२ नंतर राज्यातील अनेक महानगरपालिकांत निवडून आलेले सभागृह नव्हते आणि कारभार प्रशासकांकडे होता. प्रशासक चांगले असतील, परंतु दरवाढीच्या प्रस्तावावर ज्या सभागृहात वॉर्डातील माणूस उठून आमच्या गल्लीला पाणी येत नाही, पट्टी कसली मागता, असे विचारतो, ते सभागृह नसेल तर माझ्या शिफारशी कोणी तपासायच्या? मला तपासणारा हवा असतो.

हैदरखान विहिरीचे आपण सांगितले ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

हळदबाजार

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमचे तीन पिढ्यांचे हळदीचे दुकान मार्केट यार्डात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आनंद झाला, परंतु त्याच वेळी मनात आले की जिथे ही हळद पूर्वी साठवत होतो त्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. नवीन सदस्यांसाठी सांगतो, की पेव म्हणजे जमिनीखाली खणलेले खोल कोठार. तोंड लहान आणि पोट मोठे. हळद भरून तोंड मातीने बंद केले की वर्षानुवर्षे कीड लागत नाही. आत हवा नसते, म्हणून पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली पुष्कळ पेवे बाद झाली.

माझा आक्षेप असा आहे. सल्लागार बाहेरून येतात, नकाशा दाखवतात आणि त्या नकाशात पेवांची जागा मोकळी जमीन म्हणून दिसते. आम्ही बोललो तर हरकत लेखी द्या म्हणतात. लेखी कशी द्यायची हे कोणी सांगत नाही. मग अशा सल्ल्यावर जनतेचा पैसा का खर्च व्हावा?

कृष्णाकाठ

दादा, राग मुळीच नाही. पेवांविषयी आपण जे लिहिले ते अगदी योग्य जागी लागले. नियोजन प्राधिकरणाला विकास आराखडा करण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. १९६६ च्या कायद्यात कलम २५ त्यासाठीच आहे. हा नकाशा आज बहुतांशी उपग्रहाच्या चित्रावरून होतो. उपग्रहाला छप्पर दिसते, रस्ता दिसतो, झाड दिसते. जमिनीखालची हळद दिसत नाही. जागेवर गेलेला सर्वेक्षक परका असेल तर त्यालाही पेवाचे बुजवलेले तोंड ओळखता येणार नाही. त्यामुळे पेवाची जागा मोकळी दाखवली जाणे हा दुष्टपणा नसला तरी ती चूक आहेच, आणि ती दुरुस्त करण्याची वेळ तोच नकाशा होत असताना असते.

लेखी हरकत कशी द्यायची ते मी सांगते आणि हे सर्वांनी जपून ठेवावे. प्रारूप आराखडा कलम २६ अन्वये प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मुदत जाहीर होते. त्या मुदतीतच अर्ज द्यावा आणि आवक विभागातून पोच घ्यावी. अर्जात भावना जरूर असाव्यात, परंतु पहिल्या परिच्छेदात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आराखड्याच्या कोणत्या पत्रकावर ती जागा आहे आणि तिथे काय दाखवले आहे, हे लिहावे. दुसऱ्यात प्रत्यक्षात काय आहे ते लिहावे, म्हणजे किती पेवे आहेत, मोजमापे काय, कधीपासून वापरात आहेत, आज कोण वापरते. सोबत छायाचित्रे आणि भाग नकाशा जोडावा. तिसऱ्यात नेमका काय बदल हवा ते एका वाक्यात मागावे. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिथे बोलायला पाच मिनिटेही मिळत नाहीत, म्हणून जे कागदावर आहे तेच टिकते. मी शेकडो हरकती वाचल्या आहेत. अन्याय झाला आहे, दाद मिळावी, एवढेच लिहिलेल्या अर्जावर समितीची इच्छा असूनही काही करता येत नाही, हे पाहून मला प्रत्येक वेळी वाईट वाटते.

पैशाचा प्रश्न. निविदा बहुधा सर्वांत कमी दराच्या संस्थेला मिळते, किंवा गुणवत्ता आणि दर यांचे गुण एकत्र करून दिली जाते. दोन्ही प्रकारांत गावात किती दिवस राहणार याला फारसे गुण नसतात. मला विचाराल तर निविदेत तीच पहिली अट असावी. आपला आक्षेप मी खोडून काढू शकत नाही, कारण प्लास्टिकच्या आवरणातला तो अहवाल माझाच होता.

दक्षिणघाट

धागा फार उपयुक्त आहे. मी दत्तनगर भागात राहते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी आमचे घर पाण्यात होते. निळी रेषा, लाल रेषा हे शब्द आता घरोघरी झाले आहेत, पण त्यांचा अर्थ नीट कळत नाही. सल्लागार म्हणून तुम्ही या रेषांकडे कसे पाहता आणि सांगलीकर म्हणून कसे पाहता, हे दोन्ही वाचायला आवडेल.

कृष्णाकाठ

ताई, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. ही शक्यतेची भाषा आहे. आता १०० वर्षे निवांत, असा तिचा अर्थ होत नाही, आणि आपल्याइतके हे कोणाला कळणार? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि दोनच वर्षांनी पुन्हा ५४ फुटांच्या वर.

सल्लागार म्हणून मला रेषा हवी आहे, कारण रेषेशिवाय परवानगी नाकारता येत नाही. सांगलीकर म्हणून मी पाहते ते असे, की रेषेच्या आत ज्यांची घरे आहेत त्यांतील बहुतेकांनी परवडेल तिथे जागा घेतली आणि त्या वेळी त्यांना कोणी अडवले नाही. अशा कुटुंबाच्या दारावरून रेषा काढली की कर्ज मिळत नाही, दुरुस्तीची परवानगी मिळत नाही आणि घर विकताही येत नाही. रेषा काढणाऱ्याने त्याच बैठकीत हेही ठरवले पाहिजे, की या घरांचे पुढे काय, त्यांना कुठे जाता येईल, कोणत्या उंचीपर्यंत वर बांधता येईल, पाणी किती फुटांवर आले की कोणत्या शाळेत जायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मी गावभागातील आमच्या जुन्या घरी गेले. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. वडिलांनी २००५ ची रेघ खिळ्याने कोरून शेजारी तारीख लिहिली होती. नवी रेघ तिच्याही वर गेली होती. ते तेव्हा थकले होते, तरी त्यांनी खिळा मागितला. मी स्टूल धरले आणि त्यांनी नव्या रेघेवर तारीख कोरली, मग टेप लावून जोत्यापासूनची उंची इंचांत मला लिहून घ्यायला लावली. तेव्हापासून मी गावभाग आणि खणभागातील घरांवरच्या अशा खुणा मोजून वहीत उतरवते आहे. कोणी सांगितलेले काम नाही, मला ते करावेसे वाटते.

सा-प-सा

विषयाला धरूनच विचारते, कारण शीर्षकात आवडीही आहेत. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत आपण काय करता? मीही तानपुऱ्यावर रियाज करते आणि जवारीसाठी तिथेच जाते.

कृष्णाकाठ

मग आपली गाठ पडली असणार! मी तिथे मुख्यतः बसून राहते. माझा तानपुरा आईचा आहे आणि त्याची जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याची नाद खुलवणारी घडण, दीड-दोन वर्षांनी उतरते. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सुरू केला. मूळचे हे घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. भोपळे पंढरपूर भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले जात होते आणि मलाही मिळाला.

जवारी लावताना कारागीर घोडीवरून कानस एकदाच फिरवतो, तार चढवतो, छेडतो आणि कान लावून ऐकतो. मग तार उतरवून पुन्हा एकदाच कानस. एका तारेसाठी हे पंधरा-वीस वेळा होते. जास्त घासले गेले तर घोडी बाद होते, म्हणून प्रत्येक वेळी थोडेच. शेवटी घोडीवर तारेखाली घातलेला दोरा सरकवत तो एका जागी थांबतो आणि तार उघडते. माझे तिथले दोन तास कसे जातात ते कळत नाही. एकदा एका बुजुर्ग कारागिराने मला विचारले, की तुमच्या कामात चुकले तर काय बाद होते? मी घरी येईपर्यंत त्याचा विचार करीत होते.

एमआयडीसी कॉर्नर

ताई, दोन्ही कायद्यांच्या प्रती मिळवल्या आहेत आणि काल पहिली चार कलमे वाचली. घरी आपला धागा वाचून दाखवला. वडील एवढेच म्हणाले, की निदान वर्षभर जाऊन बघ. पुराच्या खुणा मोजायला मी आलो तर चालेल का?

मिरज जंक्शन

मलाही यायचे आहे. जुन्या मिळकत क्रमांकांची सांगड घालायला माझा उपयोग होईल.

कृष्णाकाठ

दोघांनीही अवश्य यावे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आयर्विन पुलाच्या सांगलीकडील टोकाशी भेटू. आधी तिथल्या पातळीच्या खुणा पाहू आणि मग टिळक चौकाकडून गावभागात शिरू. दादा, तुम्ही पाच मीटरचा टेप, आखीव वही आणि पेन्सिल आणावी. पेन नको, पाऊस आला तर शाई पसरते. वहीत रकाने आधीच आखून ठेवावेत: मिळकत क्रमांक, मालक, भोगवटादार, पुराचे वर्ष, जोत्यापासूनची उंची, खूण कोणी केली आणि घरातील माणसाने सांगितलेली हकिकत. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा आणि तो माणूस जसे बोलेल तसेच उतरवा. काका, आपण चष्मा विसरू नये, कारण काही पाट्यांवरचे जुने क्रमांक रंगाखाली गेले आहेत आणि ते आपल्यालाच वाचता येतील.